नाही म्हणतंय ते नेमकं कोण?

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटाला लागून एखादी खोली असते आणि त्या खोलीत एक संगणक असतो. चादरीवरचा मोर, टॉवेलची किनार यांचे ग्राफ त्याच्यावर काढले जातात आणि तिथून ते मागावर नक्षी उठवणाऱ्या जेकॉर्डकडे जातात. या लेखासाठी असाच एक संगणक मी समोर ठेवला आहे. कोअर टू ड्युओ ई-७५०० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, विंडोज १०. त्याच्यात व्हर्च्युअलबॉक्स, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या आत विंडोज एक्सपीचं एक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), कारण ग्राफ काढायचा जुना प्रोग्रॅम एक्सपीच्या पुढे सरकायला तयार नाही. एका सकाळी ते व्हर्च्युअल मशीन सुरू होईना.

त्याच्याशी झटणारी दोघं माणसंही मीच उभी केली आहेत. मामांचं नव्या पेठेत संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. भाची वालचंदमधून इंजिनियर होऊन पुण्यात क्लाउडचं काम करते, सुट्टीला आजोळी आली आहे. बिघाड मात्र खराखुरा, जुन्या संगणकांवर नेहमी होणारा आहे. वादही तसाच खरा आहे. जुनं यंत्र अडलं की कारण शोधत बसायचं, की यंत्र बदलून काम पुढं न्यायचं?

भाची : मामा, हा प्रोसेसर जानेवारी २००९ मध्ये बाजारात आलेला आहे. एवढ्या जुन्या यंत्रावर दिवस घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्यात आमच्याकडे एखादं व्हीएम उठलं नाही तर आम्ही त्याच्या उशाशी बसून राहत नाही. ते पुसतो, दुसरं उभं करतो. इथं सकाळपासून ग्राफचं काम अडलंय. वापरलेला आय-फाइव्ह आणू, व्हीएमची फाइल त्यावर टाकू, संध्याकाळपर्यंत काम चालू.

मामा : तुमच्याकडं दुसरं उभं राहतं, कारण खाली धडधाकट सर्व्हरची रांग असते. इथं खाली हे एकच आहे. ते का अडलं हे न कळताच तू दुसऱ्यावर जाणार, आणि तिथंही अडलं तर? आधी पडद्यावर नेमकं काय आलंय ते सांग की.

भाची : ‘फेल्ड टू ओपन अ सेशन’. खाली ई-फेल, आणि तो आठानं सुरू होणारा लांबलचक आकडा.

मामा : ते सोड. मधली ओळ वाच.

भाची : ‘व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस फॉर ऑल सीपीयू मोड्स.’

मामा : ‘डिसेबल्ड’ म्हणतंय की ‘नॉट अव्हेलेबल’?

भाची : ‘डिसेबल्ड’.

मामा : मग आशा आहे. चल, बस खाली.

मामांनी ई-फेल बाजूला ठेवायला लावलं ते अगदी योग्य केलं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये हा शिक्का जवळजवळ प्रत्येक अपयशावर बसतो. रॅम कमी पडली तरी तोच, फाइल सापडली नाही तरी तोच. तरीही लोक तोच आकडा शोधत रात्र घालवतात आणि दुसऱ्याच कुणाच्या दुसऱ्याच बिघाडाचा उपाय आपल्या यंत्रावर करून बसतात. कामाची ओळ वेगळी असते, आणि त्या ओळीतला एकेक शब्द महत्त्वाचा असतो. ‘नॉट अव्हेलेबल’ म्हणजे प्रोसेसरात व्हीटी-एक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवायला मदत करणारी सोयच दिसत नाही. ‘डिसेबल्ड’ म्हणजे सोय आहे, पण कुणीतरी बंद ठेवली आहे. पहिल्या नकारापुढे हात जोडावेत आणि दुसऱ्याचं कारण हुडकावं. हे दोन नकार वेगळे ओळखता आले की जुन्या यंत्राशी चाललेलं निम्मं भांडण मिटतं, असं माझं ठाम मत आहे.

मामा : पण मला एक सांग. पेंटियम थ्रीवर मी स्वतः व्हीएमवेअर चालताना बघितलंय. तेव्हा कुठं होतं तुझं व्हीटी-एक्स?

भाची : नव्हतंच. तीच तर गंमत आहे. कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम यंत्राचा पूर्ण ताबा आपल्याकडेच आहे असं धरून चालते. बाहेर विंडोज १० तसं धरून चालते आणि आत एक्सपीही. तेव्हा आतलीनं ताब्याची एखादी आज्ञा दिली की बाहेरच्या व्यवस्थापकाला ती मधेच अडवता आली पाहिजे. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये ही अट नीट मांडून ठेवली होती. इंटेलचे प्रोसेसर त्या अटीत बसत नव्हते. पेंटियममध्ये अशा १७ आज्ञा निघाल्या की अधिकार नसताना चालवल्या तरी त्या तक्रार करत नाहीत. पॉपएफ नावाची आज्ञा घ्या. तिनं इंटरप्ट बंद-चालू व्हायला हवेत, पण अधिकार नसेल तर ती तेवढा भाग मुकाट्यानं सोडून पुढं जाते. आतल्या सिस्टिमला वाटतं काम झालं, बाहेरच्याला काही कळतच नाही.

मामा : मग व्हीएमवेअरनं केलं काय?

भाची : १९९९ मध्ये त्यांनी सॉफ्टवेअरनं वाट काढली. आतल्या सिस्टिमचा कोड चालता चालताच वाचायचा आणि घोटाळा करणाऱ्या आज्ञा बदलून टाकायच्या. व्हर्च्युअलबॉक्सकडेही त्याच धाटणीची सोय होती. पुढं नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलनं व्हीटी-एक्स प्रोसेसरातच घातलं, २००६ मध्ये एएमडीनं आपलं आणलं. त्यानंतर सॉफ्टवेअरची कसरत करायची गरज उरली नाही.

मामा : गरज उरली नाही, पण सोय तर होती की. मग परवापर्यंत हेच व्हीएम चालत होतं आणि आज नाही, हे कसं?

हा प्रश्न दुरुस्तीवाल्याचा आहे. काल चालणारी गोष्ट आज चालत नसेल तर मधल्या काळात काय बदललं ते आधी विचारायचं. विचारपूस केल्यावर कळलं की कारखानदाराच्या मुलानं पेनड्राइव्हवरून व्हर्च्युअलबॉक्सची नवी आवृत्ती टाकली होती. आधी ६.० होती, आता ६.१ आली.

भाची : मग झालं. डिसेंबर २०१९ मध्ये ६.१ आली तेव्हा त्यांनी ती जुनी सॉफ्टवेअरची सोय काढूनच टाकली. ६.० पर्यंत ३२ बिटचं एक्सपी व्हीटी-एक्स नसतानाही चालायचं. इथं बायोसमध्ये व्हीटी पहिल्यापासूनच बंद असणार. कधी लागलंच नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

मामा : मग ६.० परत टाक. पाच मिनिटांत माग चालू.

भाची : नाही मामा. ६.० च्या सुधारणा २०२० मध्येच थांबल्या. प्रोसेसरात व्हीटी-एक्स असेल तर मागं का जायचं? आहे का, तेवढं बघू.

इथे भाचीचं बरोबर होतं. मागे जाऊन काम सुरू झालं असतं, पण बंद असलेली सोय बंदच राहिली असती आणि पुढच्या वेळी हाच खेळ पुन्हा झाला असता. तिनं काळ्या खिडकीत सिस्टिमइन्फो ही आज्ञा दिली. विंडोज ८ पासून या आज्ञेच्या अगदी शेवटी हायपर-व्ही या विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीच्या गरजांच्या चार ओळी येतात. फार कमी लोक तिथपर्यंत खाली जातात, आणि नेमक्या याच चार ओळी जुन्या यंत्राचा सारा हिशेब सांगतात. इथे त्या अशा होत्या. मॉनिटर मोड एक्स्टेन्शन्स : येस. व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड इन फर्मवेअर : नो. सेकंड लेव्हल अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन : नो. डेटा एक्झिक्युशन प्रिव्हेन्शन : येस.

मामा : दोन येस, दोन नो.

भाची : आणि दोन्ही नो सारखे नाहीत. फर्मवेअरचा नो तुम्ही आत्ता बायोसमध्ये जाऊन बदलू शकता. सेकंड लेव्हलचा नो कुणालाच बदलता येणार नाही. आतल्या मशीनच्या रॅमचे पत्ते प्रोसेसरनंच जुळवून द्यायची ती सोय आहे. इंटेलनं ती २००८ च्या शेवटी नेहालेम या पुढच्या घराण्यात आणली. हा प्रोसेसर त्यानंतर विकायला आला, पण घराणं जुनंच. त्यामुळं यावर विंडोज १० मधलं हायपर-व्ही कधीच चालणार नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशनही २०१७ च्या १४ व्या आवृत्तीपासून अशा प्रोसेसरांना घेत नाही. व्हर्च्युअलबॉक्स ६.१ चालेल, जरा हळू चालेल.

मामा : पहिल्या ओळीतला येस मिळाला, हे मात्र नशीब. ई-७५०० मध्येच दोन जाती आहेत. वरच्या धातूच्या टोपीवर एसएलबी९झेड असेल तर व्हीटी नाही, एसएलजीटीई असेल तर आहे. नाव तेच, वेग तोच २.९३ गिगाहर्ट्‌झ. विंडोज ७ मधल्या एक्सपी मोडला व्हीटी लागायचं, त्या सुमारास इंटेलनं काही स्वस्त मॉडेलांत ते मागाहून घातलं. ई-७४०० चंही तसंच, पेंटियम ई-५४०० चंही तसंच. गिऱ्हाईक म्हणतं, माझ्या भावाच्या संगणकावर चालतंय, माझाही तोच प्रोसेसर आहे, माझ्यावर का नाही? पंखा काढून टोपी दाखवल्याशिवाय पटत नाही त्याला.

एक गोष्ट मधेच सांगायला हवी. वाचकाकडे जरा अलीकडचा संगणक असेल आणि बायोसमध्ये व्हीटी चालू असूनही व्हर्च्युअलबॉक्स ‘नॉट अव्हेलेबल’ म्हणत असेल, तर प्रोसेसरला दोष देण्याआधी विंडोजकडे बघावं. हायपर-व्ही, किंवा सुरक्षेच्या खात्यातली मेमरी इंटिग्रिटी, व्हीटी-एक्स आपल्या ताब्यात घेऊन बसते आणि दुसऱ्याला मिळू देत नाही. पुण्यातल्या नव्या लॅपटॉपांच्या सवयीनं भाचीनंही आधी हाच संशय घेतला असता. सेकंड लेव्हलचा नो दिसल्यामुळे या यंत्रापुरता तो संशय आपोआप निकालात निघाला. जुनेपणाचा असाही उपयोग होतो.

मामांनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला, डिलीट दाबत बायोसमध्ये शिरले आणि प्रोसेसरच्या पानावर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ची ओळ शोधली. डिसेबल्ड होती, एनेबल्ड केली, एफ-टेननं जतन केली. भाची विंडोज उघडायची वाट बघत होती, पण मामांनी बटण दाबून संगणक पुन्हा बंद केला आणि मागची वायरच उपटली.

भाची : हे कशाला? जतन झालंय की.

मामा : वायर काढल्याशिवाय मी व्हीटीवर विश्वास ठेवत नाही. नुसतं रीस्टार्ट करून कित्येक बोर्ड जुनंच धरून बसतात. का, ते तू सांग.

भाची : सांगते. प्रोसेसरात एक नोंद असते. बायोस सुरुवातीलाच तिथं व्हीटी चालू की बंद ते लिहितो आणि वर कुलूप लावतो. ते कुलूप प्रोसेसर रीसेट होईपर्यंत निघत नाही. काही बोर्डांवर साध्या रीस्टार्टनं ते नीट निघत नसेल, वीज पूर्ण तुटली की निघतं. तुमची वायर बरोबर आहे, मामा.

एकाला कारण माहीत नसताना कृती माहीत होती आणि दुसरीला कृती माहीत नसताना कारण. दुरुस्तीच्या कामात मला हे फार आवडतं, म्हणून इथे थांबून सांगितलं. वायर काढलीच होती, तर मामांनी कॅबिनेट उघडून पंखाही काढला. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये सुताची तूस इतकी बसली होती की नखानं उचलल्यावर राखाडी पोपडाच्या पोपडा निघाला. मागांच्या शेजारी दुसरं काय होणार? एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीसच्या वर गेला की अशा तुशीखालचा प्रोसेसर तापतो, स्वतःला जपायला वेग कमी करतो, आणि मग व्हीएम उठतं पण खिडकी उघडायला मिनिटं घेतं. लोक त्याला व्हर्च्युअलबॉक्सचा दोष समजतात. ब्रशनं तूस झाडली, सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली, वायर जोडली. एक्सपीचा हिरवा माळ पडद्यावर आला. ग्राफ उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातून फोन आला, दोघं पुन्हा तिथं गेली. तीच खिडकी, तोच संदेश. डिसेबल्ड.

भाची : आता तरी पटलं का? बोर्डच गेलाय. काल जे लिहिलं ते आज लक्षात नाही त्याच्या. किती दिवस असं धरून ठेवणार?

मामा : बोर्ड गेला असता तर चालूच झाला नसता. काल लिहिलेलं आज आठवत नाही म्हणतेस, मग तारीख आठवते का त्याला? कोपऱ्यात बघ.

भाची : १ जानेवारी २०१०.

मामा : (ऑपरेटरकडे वळून) काय रे, सकाळी चालू करताना काळ्या पडद्यावर काही येतंय का?

ऑपरेटर म्हणाला, येतं. रोज येतं. एफ-वन दाबलं की जातं.

ते रोज येणारं वाक्य होतं ‘सीएमओएस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’. बायोस रोज सकाळी सांगत होता की माझी स्मरणशक्ती गेली आहे, मी कारखान्यातून आलो तेव्हाच्या सेटिंगवर आलो आहे. ऑपरेटर रोज एफ-वन दाबून ते पुसत होता, कारण त्याला कुणी तेवढंच शिकवलं होतं. रात्री कारखाना बंद करताना शॉर्टसर्किटच्या भीतीनं मेन स्विच पाडतात. वीज असते तोवर बोर्ड सेटिंग धरून ठेवतो. वीज गेली की तो भार सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलवर येतो, आणि सेल इतका उतरला होता की काल वायर काढली तेवढा वेळ त्यानं तग धरला, रात्रभर धरला नाही. मामांनी मल्टिमीटर लावला. तीन व्होल्टच्या सेलवर दोनच्या आसपास भरले.

आता सगळी साखळी दिसते. सेल कधीपासून मेलेला होता, बायोस रोज डिफॉल्टवर येत होता, डिफॉल्टमध्ये व्हीटी बंद होतं, आणि ६.० ला व्हीटी लागत नव्हतं म्हणून काही बिघडत नव्हतं. इंटरनेट जोडलेलं नव्हतं, त्यामुळे तारीखही आपोआप सुधारत नव्हती. ६.१ आली आणि आधीपासून असलेला दोष बाहेर पडला. नुसत्या मेलेल्या सेलनं व्हीएम अडलं नसतं, आणि नुसती नवी आवृत्ती असती तर बायोसमध्ये एकदा व्हीटी लावून काम भागलं असतं. पहिल्याच दिवशी सेकंडहँड आय-फाइव्ह आणला असता तर हे कळलंच नसतं, आणि हा संगणक भंगारात गेला असता तो तीस-चाळीस रुपयांच्या सेलपायी.

मामा : झालं तुझं समाधान?

भाची : कारण सापडलं याचं समाधान आहे. पण आता माझं ऐका. सेल बदलून तुम्ही या यंत्राला मुदत मिळवून द्याल, त्याच्यापुढं काही नाही. एक्सपीच्या सुधारणा ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या. विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ ला. आणि प्रोसेसरमधल्याच स्पेक्टर या दोषावर इंटेल मायक्रोकोडची दुरुस्ती देत होतं, ती जुन्या घराण्यांसाठी नको असं एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केलं. त्या यादीत वुल्फडेल आहे, म्हणजे हाच प्रोसेसर.

मामा : नेटला जोडलेलाच नाही तो.

भाची : पण पेनड्राइव्ह लागतो की. परवाच लागला.

मामा गप्प राहिले, आणि राहायलाच हवं होतं. नेट नाही म्हणजे धोका नाही, हा समज कारखान्यांतून, दुकानांतून, कार्यालयांतून सगळीकडे आहे. जो पेनड्राइव्ह बाहेरच्या दहा संगणकांत फिरून येतो तो लावायला कुणाची ना नसते.

भाची : आणि उद्या यांना आतमध्ये एक्सपीऐवजी नवं लिनक्स हवं झालं तर? रेड हॅट ९ च्या घराण्यातलं काहीही घ्या, २०२२ पासून त्याला प्रोसेसरात एसएसई ४.२ या आज्ञा लागतात. यात ४.१ पर्यंतच आहेत. व्हीटी चालू असूनही ते आत उठणार नाही. ‘सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२’ म्हणून बसेल.

मामा : हे मला मागाच्या भाषेत कळतं. चारशे हुकांच्या जेकॉर्डवर सहाशे हुकांचं कार्ड चढवलं तर कार्डात चूक नसते आणि जेकॉर्डमध्येही नसते. ते तिथं चालत नाही, एवढंच.

भाची : अगदी तसंच. म्हणून म्हणते, हे यंत्र कधीतरी सोडायचंच आहे. मग आत्ताच का नाही?

मामा : डोंगलमुळं. मागं बघ. पॅरलल पोर्टला ती चौकोनी डबी लावलीय ती. ती असल्याशिवाय ग्राफचा प्रोग्रॅम उघडत नाही. तुझ्या आय-फाइव्हला हा पोर्टच नसेल.

भाची : यूएसबीची वायर मिळते.

मामा : प्रिंटरपुरती. डोंगलला ती चालत नाही. आत कार्ड बसवता येतं, पण त्याचा पत्ता वेगळा येतो आणि जुने प्रोग्रॅम ३७८ या पत्त्यावरच डोंगल शोधतात. बोर्डवरचा खरा पोर्ट आहे म्हणून तो कमांड देऊन व्हीएमच्या आत घालता आला. या बोर्डाची किंमत त्या पोर्टात आहे.

नव्या यंत्राच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडून नेमकी हीच गोष्ट सुटते. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एक फाइल, ती उचलायची आणि दुसरीकडे ठेवायची, असं आपण म्हणतो. फाइल उचलता येते, पण तिचं खालच्या लोखंडाशी एखाद्या डबीतून जुळलेलं नातं उचलता येत नाही. आणि जुन्या यंत्राच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडून दुसरी गोष्ट सुटते. ती डबीही इलेक्ट्रॉनिकच आहे, आणि तीही एक दिवस मरणार आहे.

माझा कौल विचाराल तर निदानाच्या बाबतीत तो मामांच्या बाजूला आहे आणि त्यानंतरच्या प्रत्येक बाबतीत भाचीच्या. कारण न कळता यंत्र बदलणं ही उधळपट्टी आहे. पण कारण कळलं आणि यंत्र चालू झालं की ते जपत बसणंही चूक आहे. चालू असलेल्या काळात त्याच्यातलं जे हवं ते बाहेर काढून घ्यायला हवं. बंद पडलेल्या यंत्रातून ते निघत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण तिचे मोर आणि किनारी कुठल्या कुठल्या संगणकांत, कुठल्या जुन्या प्रोग्रॅमांच्या आत अडकून पडले आहेत याची काळजी कोण करतं? पूर्वी निदान भोकं पाडलेली कार्डं तरी पोत्यात भरून माळ्यावर असायची. सडली तरी डोळ्यांना दिसायची. फाइल गेली तर गेल्याचंही कळत नाही.

भाची : आज संध्याकाळी व्हीएम पूर्ण बंद करून त्याची प्रत काढू. बाहेरची डिस्क आणलीय मी.

मामा : ती आधी एनटीएफएस करून घे. फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल जात नाही. लोक अर्धवट प्रत घेऊन निवांत झोपतात. आणि सेव्ह स्टेटमध्ये ठेवून प्रत काढू नको, दुसऱ्या प्रोसेसरवर ती स्टेट उघडेलच असं नाही. आतलं एक्सपी नीट शटडाउन कर.

भाची : ठीक. आणि डोंगल मेलं तर?

मामा : तर प्रत असूनही प्रोग्रॅम उघडणार नाही.

भाची : मग नुसत्या प्रतीवर थांबायचं नाही. ग्राफ प्रोग्रॅमच्या बाहेर यायला हवेत. तो बीएमपी देतो का?

मामा : देतो. पण जेपीजी करू नको. जेपीजीत रंग एकमेकांत मिसळतात. इथं प्रत्येक रंगामागं एक वीण आहे. लालच्या शेजारी दुसरा थोडा फिकट लाल आला की मागाला ती नवीच वीण वाटणार.

भाची : म्हणजे कोणत्या रंगाला कोणती वीण, ती यादीही प्रत्येक ग्राफबरोबर लिहून ठेवायला हवी. नाहीतर चित्र उरेल, पण त्यावरून चादर विणता येणार नाही.

मामा : ती यादी संगणकात नाही. ती मागांवरच्या मास्तरच्या डोक्यात आहे. तो दुपारी दोनच्या पाळीला येतो.

भाची : मग दोनला मी वही घेऊन बसते. तुम्ही तोवर नवा सेल टाका, बायोसमध्ये तारीख आणि व्हीटी लावा, आणि मेन स्विच एकदा पाडून बघा.

मामा : आणि त्या ऑपरेटर पोराला सांगतो, आता एफ-वन मागितलं तर दाबायचं नाही, आधी मला फोन करायचा.